वापरातली बॅटरी किती थकली आहे, हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई-स्कूटर असो, घरचा इन्व्हर्टर असो की खिशातला मोबाइल, त्यातला सगळ्यात महागड्या भागांपैकी एक म्हणजे बॅटरी, आणि तिच्याबद्दलच आपल्याला सगळ्यात कमी माहिती असते. बॅटरी दुरुस्तीच्या कामात लोक जे प्रश्न सतत विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. बॅटरीचं वय एका आकड्यात मावत नाही. ती किती साठवते आणि लोड पडल्यावर तिचं व्होल्टेज किती खाली येतं, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात, त्याही एकसारख्या परिस्थितीत आणि पुन्हा पुन्हा.

बॅटरी जुनी होते म्हणजे आत नेमकं काय होतं?

दोन गोष्टी होतात. क्षमता घटते आणि अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, वाढतो. पाण्याची टाकी हळूहळू लहान होत जावी आणि तिची नळीही चोंदत जावी, तसं. टाकी लहान झाली की पाणी लवकर संपतं. नळी चोंदली की टाकीत पाणी असूनही जोराने येत नाही.

लिथियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. पहिल्याच चार्जिंगपासून त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार होतो. हा थर गरजेचा आहे, कारण त्याच्याशिवाय इलेक्ट्रोलाइट, म्हणजे ज्यातून आयन ये-जा करतात तो द्राव, टिकणारच नाही. पण तो वर्षानुवर्षं जाड होत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम गिळतो. ते लिथियम पुन्हा कामाला येत नाही, म्हणून क्षमता घटते. जाड थरातून आयन जायला अडचण होते, म्हणून रोध वाढतो. शिवाय चार्ज-डिस्चार्ज होताना कण फुगतात आणि आकसतात, त्यांना चिरा पडतात, काही कण विद्युत संपर्कातून तुटतात.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीची कथा वेगळी आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एसओएच म्हणजे काय? आणि ८० टक्क्यांनाच एवढं महत्त्व का?

एसओएच (स्टेट ऑफ हेल्थ) म्हणजे बॅटरीची तब्येत. आजची पूर्ण क्षमता भागिले नवी असतानाची क्षमता, गुणिले १००. नवी असताना ४० अँपिअर-तास देणारी बॅटरी आज ३४ देत असेल, तर एसओएच ८५ टक्के.

८० टक्के हा उद्योगाने ठरवलेला संकेत आहे. वाहनाच्या बॅटरीचं पहिलं आयुष्य इथे संपलं, असं साधारण धरतात. त्या आकड्याला बॅटरी मरते असं मुळीच नाही. रोज १५ किलोमीटर जाणाऱ्याला ७० टक्क्यांची बॅटरीही कित्येक महिने पुरते. उलट रोज शंभर किलोमीटर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला ८५ टक्क्यांवरच अडचण येते. म्हणून निर्णय आपल्या गरजेवरून घ्यावा, निव्वळ ८० या आकड्यावरून नाही.

स्क्रीनवर १०० टक्के दिसतं. मग बॅटरी ठणठणीत आहे ना?

नाही. तो आकडा चार्ज किती भरला आहे ते सांगतो, तब्येत सांगत नाही. अर्धी क्षमता गमावलेली बॅटरीही भरली की १०० टक्केच दाखवते. माझ्याकडे येणाऱ्यांचा हा सगळ्यात मोठा गैरसमज.

बॅटरी खोलता येत नाही, वापर थांबवता येत नाही. मग चालू वापरात क्षमता मोजतात कशी?

प्रयोगशाळेत काम सोपं असतं. बॅटरी पूर्ण भरायची, ठरावीक करंटने पूर्ण रिकामी करायची आणि किती अँपिअर-तास निघाले ते मोजायचं. पण रस्त्यावरच्या स्कूटरला असं रिकामं करत बसायला वेळ कुणाकडे आहे? म्हणून पॅकमधलं (पॅक म्हणजे अनेक सेल जोडून केलेली बॅटरी) बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, दुसरा मार्ग धरतं. आत-बाहेर जाणारा करंट ते सतत मोजतं आणि वेळेनुसार त्याची बेरीज करत राहतं. मग तेवढ्या बेरजेत चार्जची टक्केवारी किती बदलली ते पाहतं.

समजा स्कूटर १५ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत चार्ज केली आणि त्या वेळात २५.५ अँपिअर-तास आत गेले. ७५ टक्क्यांना २५.५, तर १०० टक्क्यांना ३४. पॅक मुळात ४० चा होता, म्हणजे एसओएच ८५.

गणित शाळेतल्या त्रैराशिकाचं आहे. खरी अडचण त्या १५ आणि ९० या आकड्यांत आहे, कारण ते मोजलेले नसतात, अंदाजलेले असतात. दोन्ही टोकांना मिळून ६ टक्क्यांची चूक झाली, तर ७५ टक्क्यांच्या चार्जिंगमध्ये उत्तर ८ टक्क्यांनी हुकतं. तीच चूक २० टक्क्यांच्या छोट्या चार्जिंगमध्ये झाली, तर उत्तर ३० टक्क्यांनी हुकतं! रोज थोडं थोडं चार्ज करणाऱ्यांच्या गाडीत एसओएचचा आकडा भलताच का भटकतो, त्याचं कारण हे आहे. त्याशिवाय करंट मोजणाऱ्या सेन्सरमध्ये अगदी बारीक कायमची चूक असेल, तर बेरीज करता करता ती साचत जाते.

म्हणून टोकांचे आकडे पक्के करायला दुसरा आधार घेतात. गाडी बराच वेळ उभी राहिली की सेलचं व्होल्टेज स्थिरावतं, आणि त्या स्थिर व्होल्टेजवरून चार्ज किती उरला आहे ते कळतं. निकेल-मँगनीज-कोबाल्ट सेलमध्ये हे छान जमतं, कारण भरलेल्या अवस्थेतले ४.२ व्होल्ट चार्ज उतरेल तसे सावकाश पण स्पष्टपणे खाली येतात.

चांगल्या बीएमएसमध्ये ही दोन्ही माहिती एकत्र करायला कालमन फिल्टर वापरतात. रुडॉल्फ कालमन यांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत अपोलो यानांच्या मार्गदर्शनात वापरली गेली. ग्रेगरी प्लेट यांनी २००४ मध्ये ती बॅटरीच्या अंदाजासाठी तपशीलवार मांडली. कल्पना अशी की आधी गणिती प्रतिमानावरून व्होल्टेज किती यायला हवं ते काढायचं, मग प्रत्यक्ष किती आलं ते पाहायचं, आणि फरकानुसार आपला अंदाज थोडा सुधारायचा. किती सुधारायचा, हे कुणावर किती विश्वास आहे त्यावरून ठरतं. अशा दुरुस्त्या सतत होत राहिल्या की चार्ज, क्षमता आणि रोध हे तिन्ही अंदाज खऱ्याच्या जवळ येत जातात.

माझी बॅटरी एलएफपी आहे. तिचा आकडा अचानक उड्या का मारतो?

एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. टिकायला उत्तम, उष्णता सोसायलाही चांगली. पण तब्येत मोजायला त्रासदायक. तिच्या सेलचं व्होल्टेज मधल्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं. ७० टक्के आणि ४० टक्के यांत फरक अगदी थोडा. त्यामुळे उभ्या गाडीचं व्होल्टेज पाहून बीएमएसला फार काही कळत नाही, बेरजेतली चूक साचत राहते आणि एक दिवस २५ टक्क्यांचे थेट ८ टक्के होतात.

यावर उपाय एकच. अधूनमधून पूर्ण १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करणं. वरच्या टोकाला व्होल्टेज झपकन चढतं आणि बीएमएसला पक्की खूण मिळते. टेस्ला कंपनी आपल्या एलएफपी बॅटरीच्या गाड्या आठवड्यातून एकदा पूर्ण भरायला सांगते, ते यामुळेच. कोबाल्टवाल्या बॅटरीला मात्र रोज १०० टक्क्यांची सवय लावू नये. आपल्या गाडीत कोणता रसायनप्रकार आहे हे माहिती पुस्तिकेत पाहून घ्या, कारण एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही.

अंतर्गत रोध कसा कळतो? मला स्वतः पाहता येईल का?

येईल, आणि माझ्या मते क्षमतेपेक्षा हीच तपासणी चालू वापरात जास्त भरवशाची आहे. कारण इथे चार्ज किती टक्के आहे हे अचूक माहीत असण्याची गरज नसते.

एक पॅक बारकाईने पाहू. १४ सेल एकामागून एक जोडलेले. गाडी उभी आहे, पॅकचं व्होल्टेज ५१.९. चढावर थ्रॉटल पूर्ण दिला, करंट ४० अँपिअरवर गेला आणि व्होल्टेज ४९.६ झालं. फरक २.३ व्होल्ट. त्याला ४० ने भागलं की सुमारे ५८ मिलीओहम. हाच पॅक नवा असताना त्याच करंटला १.६ व्होल्टच खाली यायचा, म्हणजे ४० मिलीओहम. रोध जवळपास दीडपट झाला. याचा आणखी एक अर्थ असा की पूर्वी त्या चढावर पॅकच्या आत ६४ वॅट उष्णता तयार व्हायची, आता ९२ वॅट होते. जास्त उष्णता म्हणजे जास्त झीज, आणि जास्त झीज म्हणजे आणखी रोध.

हे पाहायला बीएमएसला ब्लूटूथ असेल तर ॲप पुरतं. नसेल तर सर्व्हिस सेंटरवाल्याकडे वाचन मागा. तीन पथ्यं पाळा. तापमान जवळपास सारखं असू द्या, कारण थंड बॅटरीचा रोध आपोआप जास्त येतो. डिसेंबरातल्या पहाटेची तुलना मे महिन्यातल्या दुपारशी करू नका. चार्ज साधारण ५० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या, कारण तळाला रोध सगळ्यांचाच वाढतो. आणि करंट वाढल्यावर नेमक्या किती सेकंदांनी व्होल्टेज पाहता, ते दर वेळी तेच ठेवा. पहिल्या क्षणाची घट वेगळी असते आणि दहा सेकंदांनंतरची वेगळी.

पॅक २० टक्के दाखवत असताना गाडी अचानक बंद पडते. असं का?

बहुतेक वेळा एक सेल इतरांच्या मागे पडलेला असतो. वरचाच पॅक घेऊ. उभ्या गाडीत सगळे १४ सेल ३.७१ व्होल्ट दाखवतात, सगळं आलबेल. लोड दिल्यावर १३ सेल ३.५६ वर येतात आणि नववा थेट ३.३२ वर! एकूण बेरीज पाहिली तर ४९.६ च, पण दोष एकाच ठिकाणी आहे. चार्ज उतरत गेल्यावर हा नववा सेल इतरांच्या बराच आधी किमान मर्यादेला पोचतो, आणि बीएमएस त्याला वाचवायला सगळ्या पॅकचा पुरवठा तोडतं. बाकीच्या तेरांत ऊर्जा शिल्लक असते, पण ती वापरता येत नाही.

म्हणून मी ॲपमध्ये पॅकच्या एकूण आकड्याकडे नंतर पाहतो, आधी लोडखालचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सेल पाहतो. ती दरी महिन्यागणिक रुंदावत असेल, तर पॅक थकतो आहे हे नक्की. इथे एक फरक ओळखायला शिका. लोडखालीच सेल खाली जात असेल तर रोध वाढला आहे. पण उभ्या गाडीतही तोच सेल इतरांपेक्षा खाली असेल, तर बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरलेले ठेवण्याचं काम, बिघडलं आहे किंवा तो सेल आतल्या आत डिस्चार्ज होतो आहे. दुसरा प्रकार जास्त काळजीचा.

आणि सेलला दोष देण्याआधी जोडणी तपासायला सांगा. निकेलच्या पट्टीचं सुटलेलं वेल्डिंग, सैल बोल्ट, गंजलेला कनेक्टर, हे सगळं मीटरवर हुबेहूब म्हाताऱ्या सेलसारखं दिसतं. नवा पॅक माथी मारला जाण्याआधी हा एक प्रश्न विचारायलाच हवा. मात्र पॅक स्वतः उघडू नका. ५० व्होल्टच्या पॅकचं शॉर्टसर्किट हात भाजून काढतं, आग लावतं.

रेंज कमी झाली, म्हणजे बॅटरी गेली का?

लगेच तसं समजू नका. टायरमधली हवा, घासणारा ब्रेक, मागे बसलेला माणूस, समोरून येणारा वारा, पावसाळी रस्ता, बदललेला रायडिंग मोड, यांतलं काहीही रेंज खातं. एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने, एकच माणूस घेऊन केलेल्या फेरीची तुलना करा. त्यातही किलोमीटरपेक्षा किती युनिट वीज परत भरावी लागली ते पाहणं चांगलं. रेंज घटली पण रिकामी ते पूर्ण भरायला लागणारी वीज तेवढीच असेल, तर बॅटरी शाबूत आहे आणि गाडीच जास्त खाते आहे.

उन्हाने बॅटरी खरंच लवकर म्हातारी होते?

होते, आणि याचा जगभर गाजलेला दाखला निसान लीफ या मोटारीचा आहे. सुरुवातीच्या लीफमध्ये बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फीनिक्ससारख्या रणरणत्या शहरातल्या मालकांना २०१२ मध्ये आपल्या गाडीवरच्या क्षमतेच्या पट्ट्या वेळेआधी मावळताना दिसल्या. तक्रारी वाढल्यावर कंपनीने क्षमतेची हमी दिली : पाच वर्षं किंवा ६०,००० मैल, त्या आत बारापैकी नऊच्या खाली पट्ट्या गेल्या तर बॅटरीची दुरुस्ती किंवा बदल.

त्या बारा पट्ट्यांतही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. पहिली पट्टी मावळायला सुमारे १५ टक्के क्षमता जावी लागायची, पुढच्या पट्ट्या मात्र त्याच्या निम्म्याहून कमी घटीला मावळायच्या. म्हणजे बारा पट्ट्या दिसत असताना बॅटरी नवी असेल किंवा बरीच झिजलेलीही असेल, मालकाला कळायला मार्ग नाही. पट्ट्या आणि रंग यांच्यावर विसंबू नका, आकडा मागा.

आपल्याकडे चंद्रपूर, नागपूर, अकोला इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे उन्हात उभी केलेली आणि लगेच फास्ट चार्जिंगला लावलेली गाडी कोकणातल्या सावलीतल्या गाडीपेक्षा लवकर थकेल, यात शंका नाही. सगळ्यात वाईट जोडी म्हणजे १०० टक्के चार्ज आणि कडक ऊन, तेही गाडी दिवसेंदिवस न वापरता. गावाला जाताना बॅटरी अर्धी भरून सावलीत ठेवा.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे राहणाऱ्या वाचकांचा प्रश्न उलटा असतो. शून्य अंशांखाली जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वर धातूच्या रूपात साचतं. त्याने क्षमता तर जातेच, आत शॉर्टसर्किटचाही धोका वाढतो. आधी बॅटरी ऊबदार होऊ द्या, मग चार्जर लावा.

सायकल मोजून वय सांगता येतं का?

अर्धवट. सायकल म्हणजे पूर्ण बॅटरीइतका चार्ज एकदा वापरणं. ५० टक्के दोनदा वापरले की एक सायकल होते, चार्जर किती वेळा लावला त्याच्याशी तिचा संबंध नाही. पण बॅटरी न वापरताही म्हातारी होते, कॅलेंडर पुढे सरकतं तशी. गोदामात दोन वर्षं पूर्ण चार्ज करून ठेवलेला ‘नवा’ पॅक सायकल शून्य दाखवेल, तरी नवा नसेल.

इन्व्हर्टरची बॅटरी थकली आहे हे कसं ओळखू?

लेड-ॲसिड बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये बनवली. तिचं म्हातारपण घरच्या घरी ओळखता येतं, हा तिचा मोठा गुण.

सर्वांत ठळक लक्षण म्हणजे लवकर भरणं आणि लवकर संपणं. लोडशेडिंगनंतर वीज आली की पूर्वी बॅटरी भरायला रात्र लागायची, आता दोन तासांत इन्व्हर्टर हिरवा दिवा दाखवतो. लोकांना वाटतं चार्जिंग सुधारलं. खरं तर प्लेटवर लेड सल्फेटचा टणक थर बसला आहे आणि भरायला जागाच उरलेली नाही. बॅटरी वारंवार अर्धवट भरलेली राहिली की हा थर कडक होतो आणि साध्या चार्जिंगने निघत नाही.

दुसरी तपासणी हायड्रोमीटरने. पाणी टाकणाऱ्या बॅटरीला सहा झाकणं असतात, म्हणजे सहा सेल. बॅटरी पूर्ण भरा, काही तास शांत ठेवा, मग प्रत्येक सेलमधलं ॲसिड ओढून घनता वाचा. नुकतंच डिस्टिल्ड वॉटर घातलं असेल तर थांबा, नाहीतर वरचं पातळ पाणीच नळीत येईल. पूर्ण भरलेल्या सेलची घनता किती असावी ते बॅटरीवर किंवा हमीपत्रावर लिहिलेलं असतं. मला त्या आकड्यापेक्षा सहा सेलमधला फरक जास्त सांगून जातो. पाच सेल १.२३० आणि एक १.१७० असेल, तर तो एकच सेल बॅटरीला खाली ओढतो आहे. हे करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. जवळ विडी-काडी, देवघरातला दिवा काही नको, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो.

तिसरी तपासणी लोडची. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना १२.७ व्होल्ट दाखवेल, मरायला टेकलेली बॅटरीही बऱ्याचदा जवळपास तेवढंच दाखवते. दोन पंखे आणि तीन दिवे लावा, वीज बंद करा, घड्याळ लावा. दर दिवाळीला हेच पंखे, हेच दिवे घेऊन इन्व्हर्टर आवाज करायला लागेपर्यंतचा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. याहून स्वस्त आणि प्रामाणिक परीक्षा मला माहीत नाही. भरल्यानंतरही व्होल्टेज १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर सहांपैकी एक सेल आतून शॉर्ट झाला आहे.

पाणी पूर्वीपेक्षा लवकर आटत असेल, किंवा चार्जिंगमध्ये बॅटरी हाताला चटका देण्याइतकी तापत असेल, तर तेही म्हातारपणाचंच किंवा जास्त चार्जिंगचं लक्षण. तज्ज्ञाला बोलवा.

मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये कुठे पाहायचं?

आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरी विभागात कमाल क्षमतेची टक्केवारी मिळते. तिच्यामागे एक इतिहास आहे. जुनी बॅटरी असलेले फोन सॉफ्टवेअरमधून मुद्दाम हळू केले जातात, हे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरमध्ये मान्य केलं. कारण होतं रोध : म्हाताऱ्या बॅटरीकडून प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला की व्होल्टेज कोसळायचं आणि फोन बंद पडायचा. जगभर नाराजी झाल्यावर २०१८ च्या मार्चमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारी सोय आली. माझं मत असं की ती माहिती पहिल्या दिवसापासून मालकाची होती.

काही अँड्रॉइड फोनही आता असा आकडा दाखवतात. विंडोजच्या लॅपटॉपमध्ये कमांड विंडोतून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी असतात; भागाकार तुमचा तुम्ही करा. मॅकमध्ये सिस्टिमच्या माहितीत सायकलचा आकडा असतो.

बॅटरी हळूहळू जाते की एकदम?

बरेच दिवस हळूहळू, आणि मग काही बॅटऱ्या एकदम. आलेखावर क्षमतेची रेघ सावकाश उतरत असते आणि एका ठिकाणी गुडघ्यासारखी वाकून झपाट्याने खाली येते. म्हणून ‘तीन वर्षांत दहा टक्के गेले, म्हणजे पुढच्या तीन वर्षांत आणखी दहाच’ असा हिशेब धोक्याचा. वळणाच्या आधी बऱ्याचदा रोध जोराने वाढू लागतो किंवा सेलमधली दरी रुंदावते. रोधावर नजर ठेवा असं मी कळकळीने सांगतो, त्यामागे हेच आहे.

घट दिसायच्या आधीच आयुष्य सांगता येईल का? संशोधन कुठवर आलं आहे?

बरंच पुढे आलं आहे. स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटाची संशोधन संस्था यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी १२४ एलएफपी सेल वेगवेगळ्या पद्धतींनी फास्ट चार्ज करून थकेपर्यंत चालवले. कुणी १५० सायकलमध्ये संपला, कुणी २,३०० पर्यंत टिकला. पहिल्या १०० सायकलमध्ये बहुतेकांची क्षमता घटलेलीच नव्हती, तरी तेवढ्या माहितीवरून आयुष्याचा अंदाज सरासरी ९.१ टक्के चुकीने सांगता आला. गोम कुठे होती? १० व्या आणि १०० व्या सायकलच्या डिस्चार्जचे वक्र त्यांनी एकातून एक वजा केले. एकूण क्षमता तीच, पण कोणत्या व्होल्टेजला किती चार्ज निघतो ही वाटणी सरकलेली होती. म्हातारपण तिथे आधी दिसलं.

दुसरी पद्धत याच्याच नात्यातली. चार्जिंग सावकाश करायचं आणि व्होल्टेज जरासं बदलताना किती चार्ज आत जातो त्याचा आलेख काढायचा. त्यात टेकड्या दिसतात. टेकडी बुटकी झाली की सरकली, यावरून लिथियम हरवतं आहे की इलेक्ट्रोडचा पदार्थच निकामी होतो आहे, ते ओळखता येतं. रात्री घरी होणारं सावकाश चार्जिंग यासाठी अगदी सोयीचं.

तिसऱ्या पद्धतीत बॅटरीला वेगवेगळ्या वारंवारतेचा बारीक एसी करंट देऊन प्रतिसाद पाहतात. वेगाने बदलणाऱ्या करंटला तारा आणि इलेक्ट्रोलाइटचा रोध उत्तर देतो, सावकाश बदलणाऱ्याला आयनांची हालचाल. निदान सुंदर होतं, पण उपकरण महाग आहे. बाजारातले हातात धरायचे टेस्टर बहुतेक १ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर मोजतात. त्यांचा आकडा लोडवरून काढलेल्या रोधापेक्षा कमी येतो, म्हणून दोहोंची एकमेकांशी तुलना करू नका.

एसओएच चांगला आहे, म्हणजे बॅटरी सुरक्षित आहे?

नाही! हे ठळकपणे सांगावंसं वाटतं. ९५ टक्के तब्येतीच्या पॅकमध्येही पाणी शिरलेलं असू शकतं, सेल ठेचलेला असू शकतो, उत्पादनातला दोष असू शकतो. बॅटरी फुगली, गोडसर रासायनिक वास आला, चार्जर काढल्यावरही तापत राहिली, किंवा रात्रभर उभ्या गाडीत एकच सेल उतरला, तर टक्केवारी पाहत बसू नका. वापर थांबवा, घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा, कंपनीच्या केंद्राला कळवा. फुगलेला मोबाइल दाबून झाकण बसवायचा प्रयत्न तर कधीच नको.

२०२२ मध्ये ई-स्कूटरना लागलेल्या आगींनंतर भारतात एआयएस-१५६ या ई-दुचाकींसारख्या वाहनांच्या बॅटरी सुरक्षेच्या मानकात सुधारणा झाल्या आणि बीएमएस, सेलची गुणवत्ता, पॅकची बांधणी यांवरचे नियम कडक झाले. पुण्यातली एआरएआय ही संस्था या मानकांच्या कामात आणि चाचण्यांत प्रमुख आहे. त्याआधीची गाडी सेकंडहँड घेत असाल तर पॅक कोणत्या साली बनला ते आवर्जून पाहा.

सेकंडहँड ई-स्कूटर घेताना काय मागावं?

बीएमएसचं वाचन, तोंडी आश्वासन नको. एसओएच, सायकल, आणि लोडखाली प्रत्येक सेलचं व्होल्टेज. ते मिळत नसेल तर दोघं बसून एक चढ चढा आणि टक्केवारी, व्होल्टेज पाहा. शक्य असेल तर मालकासमोर १५-२० टक्क्यांपासून पूर्ण चार्ज करून सॉकेटला लावायच्या छोट्या वीज मीटरवर किती युनिट गेले ते मोजा. चार्जरमध्ये दहा-पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते हे धरून हिशेब करा.

युरोपीय संघाने २०२३ च्या आपल्या बॅटरी नियमांत एसओएच ठरवण्यासाठी लागणारी माहिती बीएमएसमध्ये ठेवणं आणि ती बॅटरीच्या मालकाला वाचता येणं बंधनकारक केलं आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे वाहनांच्या बॅटरीला, स्कूटर आणि ई-सायकलच्या बॅटरीलासुद्धा, डिजिटल पासपोर्ट, म्हणजे त्या बॅटरीची माहिती देणारी डिजिटल नोंद, लागणार आहे. आपल्याकडेही ग्राहकाला हा हक्क मिळायला हवा. आज कित्येक पॅक आपली सगळी हकीकत आत साठवून असतात आणि ती फक्त सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपला दिसते.

मग मी नेमकं काय लिहून ठेवू?

तीन महिन्यांतून एकदा, शक्यतो सारख्या तापमानात : तारीख, किलोमीटर, साधारण २० वरून १०० टक्के करायला लागलेले युनिट, एका ठरलेल्या चढावर पूर्ण थ्रॉटलला करंट आणि व्होल्टेज, सर्वांत वरचा आणि खालचा सेल. एवढंच. नोंद गाडी नवी असतानाच सुरू करा, कारण तुलनेला मूळ आकडा नसेल तर नंतरच्या सगळ्या वाचनांची किंमत निम्मी होते. हमीचा दावा करायची वेळ आली, तरी ही वही हाताशी असलेली बरी.

काढलेल्या बॅटरीचं काय करू?

गाडीतून निवृत्त झालेला निरोगी पॅक सोलर दिव्यांना, छोट्या साठवणीला अजून वर्षानुवर्षं चालू शकतो. फक्त प्रत्येक सेल तपासून, ज्याला हे काम येतं त्यानेच तो पुन्हा बांधावा. बाकीच्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी दुकानातच द्या आणि पावतीवर तशी नोंद करून घ्या. लिथियमची असेल तर नेण्याआधी दोन्ही टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा.